उकंडरावांच्या भिंतीवरची लाल फुली

जगदेव अंभोरे यांना कॉलेजात सगळे 'सर' म्हणतात, आणि ते कोणालाही दुरुस्त करत नाहीत. खरं म्हणजे ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सहायक. आरसे पुसून ठेवायचे, भिंगं मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची, हे त्यांचं काम. पण सव्वीस वर्षं अंतर्वक्र आरशासमोर मेणबत्ती पुढं-मागं सरकवलेल्या माणसाला 'फोकस' या विषयात अख्ख्या रिसोड तालुक्यात तोड नाही, असं त्यांचं स्वतःचं प्रामाणिक मत होतं. प्राध्यापकांना सूत्र पाठ असतं, पण ते हातात उतरलेलं नसतं, असंही ते खासगीत सांगायचे. तर अशा माणसाची गाडी वाशिमच्या आरटीओत पासिंगला फेल व्हावी, आणि तीही हेडलाइटच्या फोकससाठी, हे त्यांना किती लागलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

गाडी छोटी, पांढरी, पंधरा वर्षांची. तीस नोव्हेंबरला तिची मुदत संपत होती. त्याच्या आत तपासणी होऊन कागदावर शिक्का पडला तर पुढची पाच वर्षं ती रस्त्यावर फिरणार, नाही तर घरासमोर उभी राहून तिच्यावर पापड वाळणार. आणि ही गाडी आता जगदेवरावांची राहिलीच नव्हती. ती साधनाबाईंची होती.

साधनाबाई म्हणजे त्यांची बायको, मेडशीच्या शाळेत मास्तरीण. रिसोडहून मेडशी चांगलं तासाभराचं अंतर. अकरा वर्षं त्या बाईनं एसटी आणि काळी-पिवळी जीप यांच्यात हाल काढले. दहा माणसांच्या जीपमध्ये सतरावी म्हणून बसायचं, मांडीवर स्वतःची पर्स आणि शेजारणीची कोंबडी. रात्री घरी आल्या की दहा-दहा मिनिटं सँडलचा पट्टाही न सोडता पायरीवर बसून राहायच्या. कोणी बोललं तर नुसता हात हलवायच्या. मागच्या वर्षी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या आणि तेव्हापासून पायरीवर बसणं बंद झालं. अंधार पडता पडता घरी, चहा टाकून जगदेवरावांनाच हाक मारायच्या.

"पासिंग झालं की मी सुटली," त्या म्हणाल्या होत्या. "नाई झालं तं पुन्हा त्या जीपमंदी. आता माह्याच्यानं ते होत नाई जी."

हे त्या हसत म्हणाल्या, पण जगदेवरावांना ती पायरी आठवली आणि ते उठून उगाच गाडीची काच पुसायला लागले. त्याला एक कारण होतं. गाडी फेल झाली ती सर्वस्वी त्यांच्या करणीनं, आणि हे बायकोला अजून माहीत नव्हतं.

झालं असं की, हिवाळ्याच्या अंधारात बाईला नीट दिसावं म्हणून जगदेवरावांनी पासिंगच्या आठ दिवस आधी घरबसल्या मोबाइलवरून नवे पांढरेशुभ्र एलईडी बल्ब मागवले आणि जुने पिवळे काढून हे बसवले. खोक्यावर लिहिलं होतं, 'सूर्यासारखा प्रकाश'. ते खोटं नव्हतं. सूर्य आभाळात असतो, यांचा प्रकाशही तिकडेच गेला. डावा दिवा लिंबाच्या शेंड्यावर झोपी गेलेल्या होला पाखराच्या डोळ्यात आणि उजवा कडेच्या नालीत. रस्ता तेवढा काळोखात.

पासिंगचा इन्स्पेक्टर तरुण पोरगा होता, बोलायला गोड. त्यानं दिवे लावायला सांगितले, समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग हेडलाइटच्या काचेतून आत डोकावला.

"काका, ही आतली चकचकीत वाटी जुन्या बल्बासाठी बनवेल हाये. जुन्या बल्बाची तार जिथं पेटते ना, बरोबर तिथं उजेडाचा ठिपका पाहिजे. तुमच्या नव्या बल्बाचा ठिपका दोन-तीन मिलिमीटर मागं बसला. मंग उजेड कुठीही जाते." आणि वर आपुलकीनं म्हणाला, "आरशाचा फोकस म्हणतात त्याले. दहावीत असते. तीस तारखेच्या आत दुरुस्त करून आणा."

जगदेवराव वाशिम ते रिसोड एक अक्षर बोलले नाहीत. गाडीत दुसरं कोणी नव्हतं हे खरं, पण एरवी ते एकटे असले तरी बोलतात.

घरी साधनाबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "एक कागद कमी पडला."

"कोणता?"

"असाच एक. बारीकसा."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी पोर्चमध्ये पेचकस घेऊन हेडलाइटच्या मागचे स्क्रू फिरवायला लागले. आणि शिक्षक कॉलनीच्या गल्ली नंबर दोनमध्ये माणूस हातात पेचकस घेऊन उभा दिसला की पाच मिनिटांत तिथं सल्लागार मंडळ भरतं. समोरच्या घरातले उकंडराव हे या मंडळाचे तहहयात अध्यक्ष. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, चौऱ्याण्णव किलो वजनाचे, आणि आयुष्यभर कालव्याचं पाणी कुठं जातं ते पाहिल्यामुळे उजेड कुठं जातो हेही आपल्याला कळतं असं मानणारे. ते आपल्या टिनाच्या शेडखाली खुर्ची टाकून तिथूनच हुकूम सोडायचे.

"वर घ्या! अजून वर! अरे, लय वर गेलं! आता डावीकडी… तुमची डावी नाई जगदेवराव, माही डावी!"

शेजारचा भाऊसिंग काळी-पिवळी चालवतो. तो म्हणाला, "सर, वरच्या अर्ध्या काचेले काळी टेप लावा. माह्या जीपचा तं एकच लाइट लागते, तोबी बुक्की मारली तं. पण तेरा वर्षं झाले, पॅसेंजर कधी बोलला नाई."

भाऊसिंगची आई गोमतीबाई कमरेवर हात ठेवून गाडीच्या तोंडासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "हिचा एक डोया इकडी अन् एक तिकडी हाये. माह्या नातीचं असंच होतं. अकोल्याले नेलं, चष्मा देला, आता चांगली हाये."

तीन दिवस असे सगळ्यांच्या मतानं स्क्रू फिरले. चौथ्या दिवशी जगदेवराव मान खाली घालून नाक्यावर सेवालालच्या दुकानात गेले. सेवालाल गाड्यांची वायरिंग करतो. त्यानं बोनेट उघडलं, पाहिलं आणि बंद केलं.

"सर, जुने बल्ब लावा. दोन मिन्टाचं काम हाये."

"ते मला माहीत आहे," जगदेवराव म्हणाले. तालुक्यातल्या फोकसच्या एकमेव जाणकारानं हे वाक्य ज्या आवाजात म्हटलं तो आवाज सेवालालला बरोबर ओळखू आला, म्हणून त्यानं नुसता जुन्या बल्बांसाठी हात पुढं केला.

जुने बल्ब बसवले. ठिपका वाटीत आपल्या जागी आला, उजेडाला पुन्हा आकार आला. पण आता स्क्रूंचा पत्ता नव्हता. कंपनीनं लावून दिलेली दिशा तीन दिवसांच्या सल्ल्यांत कुठच्या कुठं गेली होती. सेवालाल म्हणाला, "आणा इकडं, मी अंदाजानं लावून देतो." 'अंदाजानं' हा शब्द ऐकून जगदेवराव ताठ झाले. प्रयोगशाळेत सव्वीस वर्षांत त्यांनी तो शब्द कोणाला उच्चारू दिला नव्हता.

हे काम शास्त्रानं कसं करतात ते त्यांना पक्कं माहीत होतं. सपाट जागा पाहिजे. समोर ओळंब्यात उभी सरळ भिंत. दिव्यापासून भिंत बरोबर पंचवीस फूट. दिव्याची उंची मोजून भिंतीवर आडवी रेघ मारायची, दिव्याच्या मध्यासमोर उभी रेघ मारायची. झाली फुली. मग दिवा लावून उजेडाची वरची कड आडव्या रेघेच्या दोन इंच खाली येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. म्हणजे उजेड रस्त्यावर राहतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जात नाही. काम अर्ध्या तासाचं. फक्त भिंत पाहिजे.

आणि गल्ली नंबर दोनमध्ये भिंतच नव्हती. म्हणजे भिंती होत्या, पण त्यांच्यापर्यंत उजेड पोचत नव्हता. लेआउटच्या नकाशात ही गल्ली तीस फुटांची आहे. पण सतरा वर्षांत प्रत्येकानं आपापल्या घराला थोडं-थोडं पुढं चालायला शिकवलं होतं. उकंडरावांचं समोरून कमरेपर्यंत पत्रे ठोकलेलं शेड आणि रॅम्प मिळून बारा फूट बाहेर. भाऊसिंगची न्हाणी बाहेर. गोमतीबाईंचा वालाच्या शेंगांचा मांडव बाहेर, त्याखाली चूल. कॉलेजचं मैदान होतं म्हणा, पण ते उताराचं. शिवाय तिथं प्राचार्य सकाळी फिरायला येतात. आपली गाडी फोकससाठी फेल झाली हे प्राचार्यांना कळण्यापेक्षा पाच वर्षं पायी चाललेलं बरं, असं जगदेवरावांना वाटलं.

म्हणून एका पहाटे पाच वाजता, गल्ली झोपेत असताना, ते फूटपट्टी, ओळंबा, दोरी आणि गेरूचा डबा घेऊन बाहेर पडले. लेंग्याचे गुडघे जमिनीला टेकवत, एकेका घरासमोर उंची मोजून त्यांनी सुरेख लाल फुली काढली आणि शेजारी अंतर लक्षात राहावं म्हणून '२५' लिहिलं. भाऊसिंगची न्हाणी ओळंब्यात नव्हती, पोट पुढं आलेलं. गोमतीबाईंच्या मांडवाचा खांब वाकडा. कोपऱ्यावरच्या बंद घराची भिंत चांगली होती, पण समोर नाली. शेवटी उकंडरावांच्या शेडच्या खांबावर फुली काढली आणि मोजलं तर अठराच फूट भरले. उजाडायला लागलं होतं. जगदेवराव हताश होऊन घरी आले आणि झोपले.

आठ वाजता गलका झाला म्हणून ते जागे झाले. बाहेर आले तर उकंडराव बनियनवर, तोंडात ब्रश, आपल्या खांबावरच्या लाल फुलीकडे टक लावून उभे. भाऊसिंग आपल्या न्हाणीसमोर. गोमतीबाई मांडवाखाली.

"रोड रुंद करून राह्यले," उकंडराव ब्रश काढून म्हणाले. "पंचवीस फूट. आकडा लिहेल हाये पाहा."

"कोण करून राह्यलं?" भाऊसिंगनं विचारलं.

"कोण म्हंजे? जे करतात ते!"

गेली सतरा वर्षं या गल्लीतला प्रत्येक माणूस याच दिवसाची मनातल्या मनात वाट पाहत होता, त्यामुळे कोणाला फारसं नवलही वाटलं नाही. उकंडरावांनी ताबडतोब आपल्या ओळखीच्या साहेबाला फोन लावला. हे ओळखीचे साहेब कोणत्या कचेरीत आहेत ते उकंडरावांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दोन मिनिटं ऐकून त्यांनी फोन ठेवला.

"साहेब म्हनते, माह्या कानावर काईच नाई."

"मंग बरं झालं ना!" भाऊसिंग म्हणाला.

"बरं काय झालं बावा? त्याच्या कानावर नाई म्हंजे लय वरून आलं हे."

आता बोलायलाच पाहिजे होतं. जगदेवराव घसा साफ करून पुढं झाले. "उकंडरावजी, हे निशाण जे आहे ना…"

"तुमीच सांगा! तुमी शिकलेले माणसं. हे पाहा."

जगदेवरावांनी पाहिलं. उन्हात फुली खरोखर छान दिसत होती. भाऊसिंगनं तिच्यावरून बोट फिरवलं आणि तो म्हणाला, "रेघ मातर काय मारली जी! इंजिनेरबिगर येवढी सरळ नाई येत."

सव्वीस वर्षांत जगदेवरावांच्या रेघेला कोणी इंजिनिअरची रेघ म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "हो. ओळंब्यात आहे." आणि घरात गेले. त्या क्षणी सांगून टाकायला पाहिजे होतं, हे त्यांनी पुढं स्वतःच कबूल केलं. पण छाती फुगलेली असताना माणसाला खरं बोलायला श्वास पुरत नाही, त्याला ते तरी काय करतील.

त्यानंतर रोज सांगणं आणखी अवघड होत गेलं. गोमतीबाईंनी त्याच संध्याकाळी मांडव उतरवला आणि निघालेल्या शेंगा घरोघरी वाटल्या. जगदेवरावांच्या घरी सगळ्यात जास्त, कारण बाई नोकरीवरून थकून येते. जगदेवरावांनी त्या शेंगा स्वतः निवडल्या, पण जेवताना भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही. भाऊसिंगनं न्हाणीचे पत्रे काढून मागच्या बाजूला लावले. उकंडराव दोन दिवस शेडचे पत्रे मोजत फिरले. रविवारी त्यांनी दोन मजूर बोलावले.

"मशीन येऊन पाडण्यापरीस आपल्या हातानं काढलेलं बरं. पत्रे तरी वाचतात."

जगदेवरावांनी स्वतः पत्रे उचलायला मदत केली. तीनदा चहा करून आणला. उकंडराव सद्गदित होऊन म्हणाले, "शेजारी असावा तं असा." जगदेवरावांनी हातातला कप खाली ठेवला. ते तोंड उघडणार तोच दारात उकंडरावांच्या घरच्या, रुख्मिणीबाई, येऊन उभ्या राहिल्या. शेवटचा पत्रा निघाला, रॅम्पच्या फरश्या उकरल्या, आणि त्या ओट्यावर पडलेल्या उन्हात पाय ठेवून म्हणाल्या, "आज सतरा वर्षानं माह्या घरात ऊन आलं वं माय."

दुपारी सगळे जेवायला गेले. जगदेवराव आपल्या फाटकात उभे राहिले आणि समोर पाहिलं. शेडमागं सतरा वर्षं झाकून राहिलेली भिंत आता उघडी होती. पांढरी, गुळगुळीत, सरळ. त्यांनी तिथूनच एक डोळा मिटून ओळंबा धरला. केसभरही इकडे-तिकडे नाही. फाटकापासून भिंत बरोबर तीस फूट; गाडी पाच फूट पुढं घेतली की काम झालं.

मनाला त्यांनी विचारलं की हे बरं दिसतं का. मन म्हणालं, तीस तारीख चार दिवसांवर आली आहे.

दिवेलागणीला गल्लीतली माणसं टीव्हीसमोर बसली तेव्हा त्यांनी गाडी बाहेर काढली, भिंतीवर गेरूनं शेवटची फुली काढली आणि दिवे लावले. एक स्क्रू, दुसरा स्क्रू, थोडा इकडे, चिमूटभर तिकडे. उजेडाची कड हळूहळू खाली आली आणि रेघेच्या दोन इंच खाली येऊन स्थिर बसली. दोन्ही बाजूंनी सारखी. जगदेवरावांना इतका आनंद झाला की त्यांनी खिशातली एमसील काढून चारही स्क्रूंच्या डोक्यावर थापली. आता जगातला कोणताही सल्लागार ही दिशा बिघडवू शकणार नव्हता.

वळून पाहतात तर मागं साधनाबाई. हातात जगदेवरावांचा धुवायचा लेंगा, त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर गेरू.

"कोणता कागद कमी पडला होता जी?"

मग सगळं निघालं. बल्बापासून ओळंब्यापर्यंत. त्या लेंगा हातात धरून ऐकत होत्या. शेवटी जगदेवराव म्हणाले, "तुला पुन्हा त्या पायरीवर बसलेली मला पाहायची नव्हती."

साधनाबाईंचे डोळे भरून आले. पण आवाज मास्तरणीचाच निघाला. "ते ठीक हाये. पण दुसऱ्याच्या घराचे पत्रे? उद्या सकाळी सगळ्याइले सांगा. मी सोबत उभी राहीन."

सकाळी त्यांनी सांगितलं. गोमतीबाई आधी ऐकत राहिल्या, मग खोकला येईपर्यंत हसल्या. भाऊसिंग म्हणाला, "मी तं तवाच म्हटलं होतं, रेघ शिकलेल्या माणसाची हाये." उकंडराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं "सतरा वर्षं" एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर साधनाबाईंनी डिक्की उघडली. माहेरच्या तुरीचा एक कट्टा, म्हणजे चाळीस किलोंचं पोतं, डाळ करून आणायची म्हणून, दिवाळीच्या आधीपासून तिथं पडून होता. तो काढून त्यांनी अर्धी तूर गोमतीबाईंना दिली आणि अर्धी रुख्मिणीबाईंना. रुख्मिणीबाईंनी तूर घेतली आणि कानात सांगितलं, "ते शेड पुन्हा टाकायचं म्हनतीन तं मी माहेरी जाईन म्हनून सांगतलं मी त्याइले. ऊन राहू द्या."

एकोणतीस तारखेला सकाळी गाडी निघायला आणि उकंडराव इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात यायला एकच गाठ पडली.

"मी येतो," ते जगदेवरावांकडे न पाहता म्हणाले. "माह्या शेडावर पाय देऊन ही गाडी पास होते का, ते मले माह्या डोयानं पाहायचं हाये."

ते मागच्या सीटवर बसले. साधनाबाई चालवत होत्या. वाशिमपर्यंत उकंडराव फक्त तीनदा "ब्रेक" म्हणाले.

तपासणीच्या जागी तोच पोरगा इन्स्पेक्टर होता. ब्रेक पाहिले, हॉर्न पाहिला, धूर पाहिला. मग म्हणाला, "बाकीचे उतरा. मॅडम, लाइट लावा." उकंडराव उतरून हाताची घडी घालून उभे राहिले. साधनाबाईंनी दिवे लावले.

जगदेवराव दोन पावलं भिंतीकडे सरकले. उजेड सरळ होता, सारखा होता, पण जिथं पाहिजे तिथून चांगला खाली होता. असं कसं झालं? आणि मग डोक्यात प्रकाश पडला. तुरीचा कट्टा! ज्या संध्याकाळी दिशा लावली तेव्हा डिक्कीत चाळीस किलो तूर होती. मागचा भाग दबलेला, नाक वर. आता तूर गेली, नाक खाली आलं, उजेडही खाली आला. प्रयोगाच्या नोंदवहीत 'डिक्कीतली तूर' हा रकाना त्यांनी ठेवलाच नव्हता. आणि स्क्रू? स्क्रूंवर एमसील. दगडासारखी वाळलेली.

इन्स्पेक्टर वाकून भिंतीकडे पाहत होता. त्यानं "हं" केलं आणि कागदावर काहीतरी लिहायला लागला. साधनाबाईंनी काचेतून जगदेवरावांकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते. त्यांना ती पायरी दिसत होती.

इतक्यात गाडीचं मागचं दार धाडकन वाजलं. उकंडराव आत जाऊन बसले होते. चौऱ्याण्णव किलो, अगदी मागं टेकून. स्प्रिंगांनी कण्हल्यासारखा आवाज केला, नाक वर आलं आणि भिंतीवरचा उजेड अलगद चढून बरोबर जागेवर जाऊन बसला.

इन्स्पेक्टरनं मान वर केली. "अरे! हे वर कसं आलं? आजोबा, तुमी आत काहून बसले? उतरा ना."

"नाई उतरत," उकंडराव म्हणाले. त्यांनी आतून दार ओढून घट्ट धरलं. "माहं शेड गेलं. माहा रॅम्प गेला. आता गाडीबी फेल झाली तं ते सगळं कायच्यासाठी गेलं म्हनायचं? अन् ही बाई अकरा वर्षं जीपनं गेली, म्या रोज पाह्यलं समोरून तिले पायरीवर बसून राह्यतानी. तुमी पास लिहा, मंग मी उतरतो."

जगदेवरावांना वाटत होतं की ती पायरी फक्त आपल्यालाच दिसायची.

इन्स्पेक्टर हसायला लागला. "आजोबा, पास मी केव्हाच लिहिलं. उजेड थोडा खाली असला तं चालते. समोरच्याच्या डोयात जायले नाई पाहिजे, बस. मी तं गाडीचा नंबर टाकून राह्यलो होतो."

उकंडरावांनी एकदा भिंतीकडे, एकदा इन्स्पेक्टरकडे पाहिलं. मग म्हणाले, "तं मंग मी कायले बसलो?"

साधनाबाई स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या.

"पण काका," इन्स्पेक्टर जगदेवरावांना म्हणाला, "सेटिंग एकदम सारखी हाये. कुठी केली?"

जगदेवरावांनी उकंडरावांकडे पाहिलं. "यांच्या भिंतीवर," ते म्हणाले. उकंडरावांनी कॉलर सरळ केली.

परत आल्यावर पहिलं काम उकंडरावांनीच केलं. पास झालं तरी हिवाळ्याच्या अंधारात बाईला लांबचं दिसायला पाहिजे, आणि ते काही रोज मेडशीला मागं बसून जाऊ शकत नव्हते. त्यांनी आपल्या मोडक्या रॅम्पच्या फरश्या भाऊसिंगच्या जीपमधला माल तोलायच्या वजनकाट्यावर तोलल्या, बरोबर चाळीस किलो भरल्यावर गोणपाटात बांधल्या आणि डिक्कीत ठेवल्या. "एमसील खरवडली तं मिटते ना," असं सेवालाल म्हणाला, पण त्याचं कोणी ऐकलं नाही.

शेड पुन्हा झालं नाही. भिंतीवरची फुली रुख्मिणीबाईंनी पुसायला घेतली तर उकंडरावांनी फडकं हिसकावून घेतलं. आता रविवारी दुसऱ्या गल्लीतले लोक गाड्या घेऊन येतात, आणि उकंडराव ओट्यावर खुर्ची टाकून हुकूम सोडतात, "वर घ्या! तुमची डावी नाई, माही डावी!" जगदेवराव शेजारी ओळंबा धरून उभे असतात. दोघंही या कामात अतिशय सुखी आहेत.

रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास साधनाबाईंची गाडी गल्लीत वळते आणि भिंतीकडे तोंड करून घरासमोर थांबते. उकंडराव खुर्ची बाजूला घेतात, भिंतीवरचा उजेड रेघेच्या दोन इंच खाली आहे की नाही ते वाकून पाहतात आणि मोठ्यानं सांगतात, "बरोबर हाये, बाई. या." फाटकात उभे असलेले जगदेवराव मात्र भिंतीकडे पाहत नाहीत. साधनाबाई दिवे बंद करतात, उतरतात, पर्स खांद्याला लावतात आणि पायरीवर न बसता सरळ घरात जातात.